एस्प्रेसोच्या दट्ट्याची कैफियत

बोलणं हे माझं काम नाही, दाबणं आहे. तरी आज बोलतो. मी दट्ट्या. खाली पोलादाची सपाट चकती, वर लाकडी मूठ. एस्प्रेसो करताना दळलेली कॉफी जाळीच्या छोट्या वाटीत भरतात आणि मशीनचं पाणी सोडण्याआधी माझ्यानं दाबून बसवतात. यापलीकडे मला काही येत नाही आणि येतं असा माझा दावाही नाही.

माझा जन्म लेथवर झाला. ज्या कारागिरानं मला कातलं तो चहा पिणारा होता. हे कशासाठी लागतं, असं त्यानं विचारलंही नाही. तिथून मी कोर्टासमोरच्या एका कॉफीच्या दुकानात आलो. तिथे वकील यायचे. खटला जिंकलेले आणि हरलेले तीच कॉफी प्यायचे, फक्त हरलेले साखर जास्त घालायचे.

त्या काउंटरवर बाई उभ्या असायच्या. दुकान त्यांचं नव्हतं, पण माझ्या मालकीण त्याच. बोटानं वाटीतली कॉफी सारखी करायची, कोपर बरोबर माझ्यावर आणायचा आणि एकदाच, सरळ खाली दाबायचं. नव्यानं कामाला लागलेल्यांना त्या सांगायच्या, "पाणी आळशी असतं रे. जिथे वाट सोपी, तिथूनच पळतं. एक बाजू कच्ची राहिली की संपला कप." वर्षानुवर्षं हेच चाललं. माझी मूठ झिजून त्यांच्या उजव्या तळव्याच्या आकाराची झाली.

मग एकदा बाई दुकानाच्या ओल्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवली, हाड जुळलं, पण जोर काही परत आला नाही. बाईंनी काम सोडलं. दुकानदारानं मला कागदात गुंडाळून त्यांना देऊन टाकलं, कारण माझ्या मुठीवर दुसऱ्या कुणाचा हात बसेना.

लेकीनं घरी छोटं मशीन आणि ग्राइंडर आणून दिला. मशीनची वाटी नशिबानं माझ्याच मापाची होती. बाईंनी त्यावर फडकं टाकलं. "मला आता कॉफीची इच्छाच होत नाही," म्हणाल्या, आणि सकाळी कोमट पाणी प्यायला लागल्या. मला ते बघवत नव्हतं. पण माझी जागा ओट्यावर, त्यामुळे बघावं लागलं.

बाईंचे यजमान प्लंबर. संसार सुरू झाल्यापासून त्यांनी बायकोच्या हातची कॉफी उभ्या उभ्या, खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून, एका घोटात संपवलेली. "छान," म्हणायचे आणि निघायचे. नव्या पडद्यांना छान, करपलेल्या पावालाही छान. त्या माणसानं एका सकाळी मशीनवरचं फडकं काढलं. बाईंनी एक कप तळापर्यंत प्यावा, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं.

बिया दळल्या, मला दाबलं, पाणी सोडलं आणि कॉफी भसाभसा आली. फिकट, पाणचट. यजमानांनी ती धार बघितली आणि आयुष्यभराच्या अनुभवातून निदान केलं: गळती. गळतीवर इलाज एकच, आवळणं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जोरात दाबलं. मग दोन्ही हातांनी. मग स्टुलावर चढून अंगाचा सगळा भार टाकला. माझी मूठ कुरकुरायला लागली, ओटा कुरकुरायला लागला, कॉफी मात्र तशीच. बाई रोज एक घोट घ्यायच्या, "ठेवा तिथे," म्हणायच्या, आणि उरलेली सिंकमध्ये जायची.

चूक कुठे आहे, ते बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मलाही कळलं होतं. मला तोंड नाही. बाईंना होतं, पण त्या गप्प.

शेवटी लेकीनं विचारलं, "आई, अगं सांगत का नाहीस? बाबा बघ कसे धडपडतायत."

बाई डाव्या हातानं कप विसळत होत्या. "त्यांनाही जमलं, तर माझं काय उरलं गं? मला तेवढं एकच येत होतं."

यजमान दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हात लावला नाही. बाईंसमोर खुर्ची ओढून बसले. "इतकी वर्षं तुझ्या हातची कॉफी प्यायलो, पण चव कधी घेतलीच नाही. बरोबर झाली तरी मला कळायची नाही. आधी ते शिकव."

बाईंनी चिमूटभर दळण त्यांच्या तळव्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, "तो दट्ट्या आहे हो, नळ नाही. दाबून काय होणार? दळण जाड आहे."

"म्हणजे खडीतून पाणी धावतं आणि बारीक वाळूतून झिरपतं, तसं?"

"तसंच."

मग शिकवणी लागली. बिया ताज्या, लागतील तेवढ्याच दळायच्या, दर वेळी तोलून तेवढ्याच घ्यायच्या. कप गरम पाण्यानं तापवून ठेवायचा. पहिल्यांदा दळण इतकं बारीक झालं की कॉफी थेंब थेंब आली. बाईंनी ती त्यांनाच प्यायला लावली. "कशी आहे?" "कडू." "हळू आली की कडू, पळत आली की आंबट. लक्षात ठेवा." ग्राइंडर जरा सैल केला. मग पंचवीस-तीस सेकंदांत, मधासारख्या बारीक धारेनं, दोन घोटांपुरती कॉफी आली. वर तांबूस साय. बाई ती तळापर्यंत प्यायल्या. त्यांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. चेहऱ्यावर दोन्ही दिसत होतं.

यजमानांनी मला उचलून बाईंच्या डाव्या हाताशी ठेवलं. "आता तू कर."

"या हातानं?"

"वाटी मी धरतो."

माझी मूठ उजव्या हाताची. डाव्यात मी तिरका बसलो आणि तिरकाच दाबला गेलो. पाणी एका बाजूनं पळालं. यजमान कप घेऊन खुर्चीत बसले. आता "छान" येणार, याची मला खात्री होती. त्यांनी घोट तोंडात घोळवला.

"आंबट आहे," ते म्हणाले.

बाईंनी ऐकलं आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांनाही बसावं लागलं. "कळलं तुम्हाला!"

"कळलं. दट्ट्या तिरका होता." आणि उरलेली आंबट कॉफी ते तळापर्यंत प्यायले.

हल्ली रोज सकाळी माझ्यावर डावा हात असतो. उतारवयात मुठीला नवा खळगा पडतोय, जरा दुखतंच. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या वतीनं सांगतो: सरळ धरा, सगळा जोर त्याच्यावर काढू नका, आणि कुणी कप पुढे ठेवला तर छान म्हणण्याआधी एकदा चव घ्या.

आज सकाळीही बाईंनी कप पुढे केला. यजमानांनी घोट घेतला, जरा विचार केला आणि म्हणाले, "अजून आंबट."

"उद्या बघा," म्हणत बाईंनी मला पुसून जागेवर ठेवलं.