अकरा नंबरचा डिस्चार्ज

“पण घरी न्यायला सांगितलं कोणी?”

सर्जन एवढ्या मोठ्याने कधी बोलत नसत. अकरा नंबरच्या खाटेवर बसचा ड्रायव्हर तापाने फणफणला होता. तीन दिवसांपूर्वी लंगडत का होईना, पण स्वतःच्या पायाने घरी गेलेला माणूस आज स्ट्रेचरवरून परत आला होता. डाव्या पायाची बोटं काळी पडली होती. बायको कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभी होती.

“डिस्चार्ज मिळाला होता ना,” ती म्हणाली. “कागदावर लिहिलं होतं.”

सर्जनांनी केसपेपर उलटला. “हे? अहो बाई, हे जखमेबद्दल लिहिलंय. इथे डिस्चार्ज म्हणजे पू. जखमेतून अजून पू येतोय, असं लिहिलं होतं मी!”

दाराशी फरशी पुसत असलेल्या मावशींचा हात जागच्या जागी थांबला.

मावशी म्हणजे वॉर्डातल्या आया. एकोणीस वर्षं त्याच वॉर्डात. शाळा चौथीत सुटली, इंग्रजीशी उभा दावा. त्यातला एकच शब्द त्यांना वाचता यायचा, तोही ओळखीच्या चेहऱ्यासारखा. पहिलं अक्षर पोट सुटलेल्या माणसाचं, मधे गर्दी आणि शेवटून दुसऱ्याला शेपूट. तो शब्द कागदावर दिसला की पेशंट घरी जातो, हे त्यांनी एकोणीस वर्षं पाहिलं होतं. “चला, सुटलात!” हे मावशींच्या तोंडून ऐकायला सगळा वॉर्ड कान टवकारून असायचा.

तीन दिवसांपूर्वीच्या त्या दुपारी ड्रायव्हरच्या बायकोने विचारलं, “मावशी, काय लिहिलंय बघा ना.” मावशींनी बघितलं. शब्द होता. “सुटलात की वहिनी!” त्या म्हणाल्या. सिस्टरांची ड्युटी बदलायची वेळ, वॉर्डात धावपळ. तेवढ्यात नवरा-बायको निघूनही गेले.

ड्रायव्हर परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी अंगठ्यासकट तीन बोटं काढावी लागली.

“तशीही काढावी लागली असती कदाचित,” सिस्टर मावशींना बाजूला घेऊन म्हणाल्या. “साखर किती वाढलेली त्याची! आणि कागदावर लिहिलंय, नातेवाईक स्वतःहून घेऊन गेले. तुमचं नाव कुठे नाही. तोंड मिटून काम करा. दोन वर्षं राहिलीत तुमची.”

मावशी गप्प बसल्याही असत्या. सुखासुखी कोण संकट ओढवून घेतं? पण तिसऱ्या दिवशी खाटेखालून केर काढताना त्यांच्या कानावर पडलं.

“तुलाच घाई घरी जायची,” ड्रायव्हर बायकोला म्हणत होता. “चार माणसांना विचारायचं तरी. आता क्लच काय तू दाबणार?”

बायकोने नुसतं मावशींकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. मावशींना उमजलं. सर्जनांसमोरही हिने नाव घेतलं नव्हतं. मावशींची नोकरी जाऊ नये म्हणून ही बाई नवऱ्याचे बोल झेलत होती.

मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली.

“त्यांना नका बोलू, दादा. डिस्चार्ज झाला असं मी सांगितलं. मला वाचता येत नाही आणि मी वाचलं.”

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिथून मावशी तडक सर्जनांच्या खोलीत गेल्या आणि तिथेही तेच सांगितलं. सर्जन चष्मा काढून म्हणाले, “वाचता येत नसेल तर वाचायचं नाही, मावशी.”

“नाही डॉक्टर. वाचता येत नसेल तर शिकायचं.”

लेखी ताकीद मिळाली. केसपेपरला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. मावशींनी दोन्ही मुकाट्याने घेतलं आणि घरी जाऊन सुनेपुढे वही ठेवली.

“मला हा शब्द शिकव. पहिला हाच.”

सून बारावी शिकलेली. तिने शेजारच्या मास्तरांचा जाडजूड शब्दकोश आणला आणि बोट ठेवून वाचू लागली. “सोडणे. नोकरीवरून काढणे. सैन्यातून मोकळं करणे. बंदूक झाडणे. बॅटरी उतरणे. जहाजातला माल उतरवणे. नदीतून वाहणारं पाणी. जखमेतून येणारा पू. कर्तव्य पार पाडणे...”

“थांब, थांब,” मावशी म्हणाल्या. “एका नवरीला इतकी सासरं?”

“यातला कुठला ते आजूबाजूचे शब्द बघून ठरवायचं, आई.”

“म्हणजे एक शिकून भागायचं नाही. शेजारीपाजारीही शिकायला हवेत.”

“हो.”

“मग शिकव.”

रोज स्वयंपाक उरकला की तासभर. आधी सगळी अक्षरं, मग वॉर्डातले शब्द. वॉर्डात चार पायांवर उभं असतं ते स्टूल आणि तपासायला डबीतून पाठवतात तेही स्टूल, हे वहीत लिहिताना सासू-सून पोट धरून हसल्या. पण मावशींनी ते पान तीनदा गिरवलं. हसण्यावारी नेलेला शब्दच पुढे गळा धरतो, हे त्यांना आता कोणी सांगायला नको होतं.

इकडे ड्रायव्हर त्यांच्याशी बोलत नव्हता. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला की बायकोला हाक मारायचा. मावशी तांब्या ठेवून पुढच्या खाटेकडे वळायच्या. रोज ठेवायच्या.

महिना उलटला. एका सकाळी राउंड झाला आणि ड्रायव्हरची बायको रडवेली होऊन मोरीपाशी आली.

“मावशी, डॉक्टर ‘नो डिस्चार्ज’ म्हणाले. अजून सोडत नाहीत का हो?”

मावशींच्या ओठांवर उत्तर आलं होतं. सगळे शेजारीपाजारी पाठ होते. तरी त्या म्हणाल्या, “थांबा वहिनी,” आणि हात पुसत सिस्टरांच्या टेबलापाशी गेल्या. दोन मिनिटांनी परत आल्या.

“पू थांबलाय. जखम सुकली. उद्या घरी सोडणार आहेत. हे सिस्टरांनी सांगितलंय, मी नाही.”

दुसऱ्या दिवशी टॅक्सी आली. डेपोतलं टेबलाचं काम मिळणार होतं, बस नाही. ड्रायव्हर टाचेवर भार देत पायऱ्या उतरला. मावशींनी हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. कठडा धरून उतरला, टॅक्सीत पुढच्या सीटवर बसला आणि म्हणाला, “मावशी, पिशवी द्या इकडे.”

महिन्यानंतरचे पहिले शब्द. मावशींनी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

टॅक्सीवाल्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, गियर टाकायला त्याचा हात दांड्यावर गेला. आणि ड्रायव्हरचा पट्टी बांधलेला डावा पाय आपसूक पुढे सरकून, क्लच दाबावा तसा, खालच्या रबरी चटईवर दाबला गेला.

मावशींनी तो पाय मागे येईपर्यंत वाट पाहिली. मग हलक्या हाताने दार लावलं.