आईच्या हातची भिंत

“मीटर मागच्या बाजूला आहे,” दार उघडता उघडता शिंपीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. “चुकलं हो काका, तोंडात तेच बसलंय. मीच बोलावलं ना तुम्हाला.”

मीटरवाले हसले. तीस वर्षं त्यांनी दारोदार विजेचे आकडे टिपले. पण एखाद्या बाईनं तांबड्या मातीनं, चुन्यानं रंगवलेली भिंत दिसली, की त्यांचा पाय निघत नसे. वहीच्या मागच्या पानांवर ती जशीच्या तशी उतरवून घेत. साहेब ओरडत. बायको म्हणे, “लोकांच्या भिंतींवर जीव ओवाळून टाकता, आपल्या भिंतीला बारा वर्षांत रंग नाही!”

शिंपीणबाईंची आई गेली आणि महिन्याभरात छत गळून तिनं रंगवलेल्या भिंतीचा गिलावाही कोसळला. “आई दोनदा गेली, काका,” त्यांनी फोनवर सांगितलं होतं. नवा गिलावा वाळल्यावर मीटरवाले ती भिंत उतरवलेली जुनी वही काखोटीला मारून आले होते.

तीन दिवस ते राबले. गुडघे बोलत होते, पण हात चालला. आईचे पक्षी सगळे मान वळवून मागे बघणारे. तेही तसेच उतरले. शेवटी खालचा उजवा कोपरा उरला आणि त्यांनी कुंचला खाली ठेवला.

“इथलं माझ्याकडे नाही. तेव्हा इथं धान्याची कोठी होती.”

“मग काढा की एखादा पक्षी. तुमचा हात बसलाय आता. कुणाला कळणार आहे?”

“बाई, दार बंद असलं तर मी रकाना कोरा सोडायचो. अंदाजानं आकडा कधी भरला नाही. आता तुमच्या आईच्या नावावर माझं कसं खपवू?” मग हळूच म्हणाले, “तुम्हाला आठवतंय का, काय होतं?”

शिंपीणबाईंनी वाकून त्या कोपऱ्यावरून हात फिरवला.

“कोठी हलवून सारवायचे की मी. दर वर्षी. पण बघितलंच नाही हो कधी.”

मीटरवाल्यांनी कुंचला धुतला. बाईंनी डोळे पुसले, उठून खिडकीशी असलेलं शिलाई मशीन ओढत ओढत त्या कोऱ्या जागेपुढे नेलं. कोपरा झाकला गेला तशा थांबल्या. मग उलट्या बाजूनं ढकलू लागल्या. मीटरवाल्यांनी पलीकडून हात लावला आणि दोघांनी मिळून मशीन पुन्हा खिडकीशी नेऊन ठेवलं.