पिठातलं पाऊल

धर्माजी गेला तेव्हा अख्खा गाव रडला. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असा रिवाज आहे, त्यामुळे ज्यांनी जन्मभर त्याच्या शिव्या खाल्ल्या तेसुद्धा 'देवमाणूस होता' म्हणत डोळे पुसत होते. काशीने, त्याच्या बायकोने, तीस वर्षं त्याच्या काठीखाली संसार केला होता. रडू तिलाही आलं. का आलं, हे कुणी विचारलं नाही ते बरंच झालं.

दहाव्याच्या रात्री, जिथे जीव गेला तिथे नव्या तांदळाचं पांढरंशुभ्र पीठ चाळून पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर टोपली पालथी घातली. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल त्याच्या जन्माला मेलेला गेला, असं समजायचं. चिमणीचं उमटलं तर चिमणी, बैलाचं तर बैल, आणि माणसाचं उमटलं तर तो परत ह्याच घरात जन्म घेणार. हे शेवटचं ऐकताच काशीची नजर सुनेच्या पोटाकडे गेली. सून कोकिळेला सातवा महिना होता.

काशीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. नवरा म्हणून सोसला तो सोसला. आता त्यालाच मांडीवर घेऊन अंगाई म्हणायची? पहाटे घर उठायच्या आत तिने टोपली उचलली. पिठात पुसटसा ठसा होता आणि वर ओळीने पाच ठिपके. उंदीर असणार, घरात उंदरांना काय तोटा! पण तान्ह्या पोराचं पाऊल म्हणायलाही हरकत नव्हती, आणि बघायला नामा येणार होता. नामा म्हणजे गावातला जाणता. ज्यातलं त्याला काही कळत नसे, नेमकं तेच त्याला विचारायची पद्धत होती.

काशीने पीठ हलक्या हाताने सारखं केलं. चिमणी केला तर आढ्याला घरटं बांधील. बैल केला तर गोठ्यातच येऊन उभा राहील. लांब रानात राहणारं कोण? तिने मूठ टेकवून तळवा उठवला, वर चार बोटं दाबली, टोपली झाकली आणि चूल पेटवायला गेली.

"वाघ!" नामा ओरडला. "डावा पाय हाय. धर्माजी डावखुरा व्हता का न्हाय?"

सगळ्यांना पटलं. थोरला मुलगा रघू तर छाती काढून फिरू लागला. मेल्यावर उंदीर-घुशी होणारे बाप गावोगाव होते. वाघ झालेला पार म्हसळ्यापर्यंत हाच एक. काशी त्या रात्री कित्येक वर्षांनी गाढ झोपली.

पौषात खरोखरच वाघ आला. त्याने दोन शेळ्या नेल्या. गाव काठ्या घेऊन निघाला तर रघू आडवा आला. "माझा बाप हाय त्यो! हात तर लावून बघा!" मग कुणीतरी म्हणालं, बाप भुकेला असेल. झालं! रोज सांजेला रानाच्या कडेला कोंबडी बांधायचं ठरलं. बांधायची कुणी? अर्थातच बायकोने. कोंबडी लहान निघाली की वाघ गोठ्यावर यायचा आणि रघू आईवर खेकसायचा, "आये, बाबांचं नीट बघत जा ना!" आवाज थेट बापाचा. कोंबडी काखेत मारून जाताना काशी खाली मान घालून चालायची, अगदी पूर्वीसारखीच, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप यायचा.

पुढे वाघाने नामाचाच बैल मारला, तेव्हा कुठे नामाला शास्त्राची दुसरी बाजू दिसली. त्याने अंबाजी शिकाऱ्याला ठासणीची बंदूक घेऊन बोलावलं. देवळापुढे गाव जमला. रघू हटेना. शेवटी नामाने तोड काढली, "त्याची बायको सांगंल तसं करू."

सगळे काशीकडे बघू लागले. ठसा मीच उठवला, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं तर धर्माजी मग गेला कुठे, असं गाव विचारणार. आणि कोकिळा समोरच बसली होती, दिवस भरत आलेली.

"बोल आये," रघू म्हणाला. "नवऱ्यावर गोळी घाला म्हनशील?"

काशी उठून उभी राहिली.

"घाला," ती म्हणाली. "कुंकू एकदा पुसलंय माजं. आता दुसऱ्यांदा काय पुसनार?"