आलेखातला वाक

१९७८ साली एम.एस्सी.ला असताना बद्रीनाथ आणि सोनाजी एकाच टेबलावर प्रयोग करत. बद्रीनाथ मुकुंदवाडीच्या बागायतदाराचा मुलगा, सोनाजी फुलंब्रीकडच्या मेंढपाळाचा. काळ्या दगडाचे तुकडे भट्टीत तापवायचे आणि त्यांतून वीज किती वाहते ते नोंदवायचं, असं काम होतं. एका ठरावीक तापमानाला आलेख मध्येच वाकला. तारेचा सांधा सैल असेल, सोडून दे, असं बद्रीनाथ म्हणाला. सोनाजीनं सोडलं नाही. भर मे महिन्यात तीन आठवडे दगडामागून दगड तापवून त्यानं दाखवून दिलं की वाक खरा आहे.

दिवाळीनंतर सोनाजीची आई बानाबाई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तो गावी गेला. त्याच सुमारास बद्रीनाथनं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा पीएच.डी.चा अर्ज त्यांचे मार्गदर्शक तात्यासाहेब यांना दाखवला. एवढ्या मार्कांची पोरं शेकड्यानं असतात, तू स्वतः काय शोधलंस ते लिही, असं ते म्हणाले. बद्रीनाथनं त्या वाकावर पानभर लिहिलं. आधी ‘आम्ही’ लिहिलं होतं. टाइप करायला देताना त्याचं ‘मी’ केलं.

“हे तुझं एकट्याचं?” तात्यासाहेबांनी विचारलं.

तो हो म्हणाला. शिफारसपत्रातही तेच गेलं.

मुदतीला आठवडा उरला असताना सोनाजी परतला. त्यालाही अर्ज करायचा होता. एकच शोध मी दोघांच्या पत्रांत कसा लिहू, असं तात्यासाहेबांनी त्याला विचारलं. सोनाजीनं अर्ज केलाच नाही. बद्रीनाथशी मात्र तो पहिल्यासारखाच वागत राहिला, डबासुद्धा वाटून खाई.

मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. आई सारजाबाई आळीभर पेढे वाटत होती तेव्हा बद्रीनाथ फुलंब्रीच्या एसटीत बसला होता. परीक्षेआधीच्या सुट्टीत गावी गेलेला सोनाजी मेंढ्यांच्या वाड्याशी त्यांना पाणी पाजत होता. बद्रीनाथनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

“मला ठावं व्हतं,” सोनाजी म्हणाला. “सरांनी इचारलं तवाच कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हनून थांबलो.”

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथनं तात्यासाहेबांपुढे कबुली दिली. ते म्हणाले की पत्र तूच लिही, मी सही करतो. त्यानं अमेरिकेला कळवलं की तो शोध सोनाजीचा आहे, प्रवेश रद्द केलात तरी तक्रार नाही. मनातून त्याला तो रद्दच व्हायला हवा होता.

महिन्यानं उत्तर आलं. चूक गंभीर आहे, पण ती स्वतःहून सांगणारा विद्यार्थी आम्हाला हवा आहे, असं लिहून त्यांनी प्रवेश कायम ठेवला होता. सोनाजीसाठी मात्र त्या वर्षीची मुदत उलटून गेली होती.

बद्रीनाथ गेला. पुढच्या हिवाळ्यात त्यानं सोनाजीच्या नावानं कोरा अर्ज पाठवला, शुल्कमाफीच्या चिठ्ठीसह. तोवर सोनाजी गावच्या शाळेत मास्तर झाला होता. अर्ज तसाच परत आला. सोबत दोन ओळी होत्या: आईला सोडून आता येता येत नाही. पोरांना लोहचुंबक शिकवतो, बरं चाललंय.

बद्रीनाथनं उत्तर लिहायला घेतलं. ‘प्रिय सोनाजी’च्या पुढं त्या दिवशी काही सुचलं नाही, आणि नंतरही नाही.