गाडीमायला न पडलेले प्रश्न

अक्कलकोट रस्त्याकडेच्या बाभळीला धडकून चेपलेली ती गाडी मुळात पांढरी होती. आठ दिवसांत लोकांनी भंडारा उधळून तिला पिवळीधमक करून टाकलं. बॉनेटवर लिंबं, आरशाला हिरव्या बांगड्या. आणि दाराशी उभे ईश्वरप्पा महाराज घसा ताणून ओरडत होते, "हिला नंबर लागत न्हाय, रेंज लागत न्हाय! मनातल्या मनात हाक मारा, माय ॲम्ब्युलन्स धाडती! बोला, गाडीमायच्या नावानं…"

"चांगभलं!" गर्दी गरजली.

या चमत्काराची साक्षीदार चिमाबाई पुढेच घोंगड्यावर बसली होती. आठवड्यापूर्वी ती इथं मेंढरं चारत असताना ही गाडी तिच्या डोळ्यांदेखत रस्ता सोडून बाभळीवर आदळली. आत एकटाच तरणा माणूस, बेशुद्ध. आसपास चिटपाखरू नाही, चिमाबाईजवळ फोन नाही. तेवढ्यात गाडीच बोलू लागली, "हॅलो, कोणी ऐकतंय का? घाबरू नका, मदत पाठवतेय." आणि कुणीही न बोलावता वीस मिनिटांत ॲम्ब्युलन्स हजर! दुसऱ्याच दिवशी ईश्वरप्पा महाराज उगवले आणि विम्याच्या माणसाची वाट बघत पडलेली गाडी देवी झाली.

तेव्हापासून लोक चिमाबाईच्या पाया पडत, चहा आणून देत. जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या बाईला हे फार आवडलं होतं, खोटं कशाला बोला!

आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारी तिची सून गुरम्मा बसली होती, नववा महिना भरलेली. मायसमोर बसवली की सुटका सोपी होते, असं महाराजांनी सांगितलं नि चिमाबाईचा नवरा मायाप्पा सुनेला घेऊन आला. भर दुपारी गुरम्माला तिथंच कळा सुरू झाल्या.

"अवो, फोन लावा की," चिमाबाई नवऱ्याला म्हणाली.

"फोन लावलासा तर माय रुसंल!" महाराजांनी डोळे वटारले.

"गाडीमाय हाय की आपली," म्हणत मायाप्पानं खिशातला मोबाइल आणखी घट्ट दाबून धरला.

महाराज गाडीत शिरले, दार ओढून घेतलं आणि आतून किनऱ्या आवाजात बोलू लागले, "बरतद, बरतद! येतीय, येतीय! ॲम्ब्युलन्स निघालीय, बाळे!"

अर्धा तास गेला. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, एक एसटी गेली. ॲम्ब्युलन्स काही येईना. गुरम्मानं सासूचा हात आवळला. "अत्ती, सोसंना वो."

चिमाबाईला काहीतरी खटकत होतं. त्या दिवशी गाडीतून बोलणारी बाई सारखी विचारत होती. किती माणसं आहेत? श्वास चालू आहे का? रक्त कुठून येतंय? चिमाबाईनं एकेक बघून सांगितलं होतं. सगळं ठाऊक असलेली देवी मेंढरंवालीला कशाला विचारेल? आणि हा आवाज तर काहीच विचारत नव्हता. कळा किती वेळानं येतात, एवढंसुद्धा नाही.

ती उठली आणि गाडीच्या दारावर थाप मारली. "माय, त्या दिशी तू मला एक गोष्ट करू नको म्हणालीस. कंची गं?"

आतून किनरा आवाज चाचरला, "शिळं खाऊ नको म्हणाले, बाळे!"

"त्येची मान हलवू नको म्हणालीस!"

"त्येच की! मान हलवून शिळं खाऊ नको!"

गर्दीत हशा पिकला. "आता लावा एकशे आठ!" चिमाबाईनं नवऱ्याला दटावलं. मायाप्पानं मुकाट्यानं नंबर लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "कितवा महिना? कळा किती वेळानं येतायत? नेमकं ठिकाण सांगा."

चिमाबाईचा चेहरा उजळला. "ऐकलंसा? हिला बी काय ठावं न्हाय. म्हणूनच ही खरी!"

संध्याकाळी दवाखान्यात गुरम्माला मुलगी झाली. दोघी ठणठणीत. महाराज तोवर पसार झाले होते. घाईत वहाणा गाडीतच राहिल्या.

चार दिवसांनी गाडीचा मालक, जुळे सोलापूर भागात राहणारा इंद्रजीत, क्रेन घेऊन आला. एक हात गळ्यात बांधलेला. त्यानं भंडारा पुसून आरशाजवळचं लाल बटण दाखवलं. "मावशी, हे दाबलं की फोन लागतो. पण जोराची धडक बसून एअरबॅग फुटल्या, तर गाडीतलं यंत्र आपणच फोन लावतं. त्यात सिमकार्ड असतं. गाडी कुठं आहे हे उपग्रहावरून कळतं आणि तो ठावठिकाणा केंद्रावर जातो. तिथं बाई बसलेली असते, तुमच्या-माझ्यासारखी. ती ॲम्ब्युलन्स धाडते. पण कुणाला किती लागलंय, ते तिला दिसत नाही."

"म्हून इचारत हुती व्हय!"

"हो. तुम्ही बघून सांगितलंत, माझी मान धरून बसलात, म्हणून आज मी पायांवर उभा आहे." इंद्रजीत वाकून तिच्या पाया पडला. चिमाबाईचे डोळे भरून आले. एवढ्या पाया पडण्यांत हे एकच तिचं स्वतःचं होतं.

मायाप्पा कान खाजवत म्हणाला, "पावनं, ह्ये यंत्र मेंढरास्नी बसवता यील का?"

मेंढरांचं राहू द्या, असं यंत्र सगळ्या गाड्यांतही नसतं. मोटारसायकलीवर क्वचितच, पोटुशी बाईजवळ तर नसतंच. तिथं फोन माणसानंच लावायचा असतो, आणि तोही कुणाच्या रुसण्याची पर्वा न करता. चिमाबाईच्या सांगण्यावरून मायाप्पानं उरलेला भंडारा पाण्यात कालवला आणि बाभळीच्या खोडावर हातभर आकडे काढले: १०८.

येणारेजाणारे अजूनही सवयीनं तिथं थांबतात. कुणी डोळे मिटून उभं राहिलं, की मेंढरांमागून चिमाबाईची हाक येते, "हात जोडू नगा, आकडा पाठ करा!"