टेबलाखालचा कंडक्टर

मी टेबलाखालून बोलतोय. जरा वाकलात तर काळ्या पत्र्याची एक पेटी दिसेल, तिच्यावर कायम कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो. त्या पेटीच्या आत, एका बाजूला स्क्रूंनी आवळून बसवलेला चौकोनी तुकडा म्हणजे मी, मदरबोर्ड. नावात आई असली तरी सगळे मला 'तो'च म्हणतात. मलाही आता सवय झाली आहे.

माझं काम सांगायला सोपं आहे, दाखवायला काही नाही. प्रोसेसर विचार करतो, मेमरी लक्षात ठेवते, ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं. मी या सगळ्यांना बसायला जागा देतो, वीज वाटतो आणि एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवतो. प्रत्येक घरात असं एक माणूस असतंच. कुणाला काय हवं-नको ते बघण्यात त्याचा दिवस जातो, आणि घरच्या फोटोत ते नसतं, कारण फोटो तेच काढत असतं.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र दालनात झाला. यंत्रांनी माझ्यावर तांदळाच्या कणीएवढे भाग टपाटप पेरले, भट्टीतून काढलं, आणि शेवटी डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी मला उजेडात तिरकं धरून पाहिलं. जांभई दाबत त्यांनी मला पास केलं. पिशवी, खोकं, आणि मग बराच काळ अंधार.

तो संपला तो कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात. माझी जागा खालच्या फळीवर होती. वर काचेच्या कपाटात माझा एक श्रीमंत भाऊ दिवसभर रंगीत दिवे लावून बसायचा. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्याकडे बघायचं. दुकानदाराला सल्ला विचारायचं, तो मन लावून ऐकायचं आणि घरून ठरवून आणलेलंच घेऊन जायचं. माणसांची ही सवय मी फळीवरून फार पाहिली.

एके दिवशी एक बाई आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करणारी, हे मला नंतर कळलं. पण तिची बोटं पाहूनच अंदाज आला होता. काउंटरवरची वस्तू ती कडांना धरून उचलायची. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता.

"दादा, गाड्या चालवायचे गेम असतात ना, त्यासाठी कॉम्प्युटर जोडायचाय," ती दुकानदाराला म्हणाली.

"मुलासाठी का?"

"वडिलांसाठी."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "वडील गेम खेळतात?"

"खेळत नाहीत. बस चालवायचे."

दुकानदाराने काउंटरवरचा पसारा बाजूला सारून जागा केली.

धाकट्याचं लक्ष काचेच्या कपाटाकडे होतं. "ताई, तो घेऊ या ना. बघ तरी, नुसतं इंद्रधनुष्य आहे!"

"पेटी टेबलाखाली राहणार. इंद्रधनुष्य काय चपलांना दाखवायचंय?"

"तसं नाही गं, बोर्ड भारी असला की गेम भारी चालतो."

"नाही चालत," दुकानदार शांतपणे म्हणाला. "गेम पळवतात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. पैसे मोजके असतील तर ते तिकडे घाला. बोर्ड साधा चालेल, फक्त कच्चा नको." आणि त्याने मला खालून काढून तिच्यासमोर ठेवलं.

तिने मला उलटसुलट करून पाहिलं. "हा प्रोसेसर यात बसेल?"

"बसेल, आणि हा त्याला ओळखेलही. जुना माल असता तर आधी आतलं सॉफ्टवेअर नवं करून घ्यावं लागलं असतं."

"तापेल का?"

"वीज येते तिथे ही जाड पट्टी दिसतेय? उष्णता ती ओढून घेते. याहून स्वस्तात ही पट्टी नसते. तिथे मी तुम्हाला काटकसर करू देणार नाही."

"आणि पुढे मेमरी वाढवायची झाली तर?"

"एक खाच रिकामी राहतेच आहे."

तिने कपाटातल्या दिव्यांकडे एकदा पाहून घेतलं, मग कोपऱ्यातल्या एका मोठ्या खोक्याकडे बोट केलं. त्यात गेमसाठीचं स्टिअरिंग होतं, खाली पायांसाठी पेडलं. "हा साधा बोर्ड घेतला तर ते बसतं का पैशात?"

"अगदी काठावर बसतं."

"मग झालं." तिने मला उचललं, अर्थात कडांना धरून.

"महिनाभरात काही अडचण आली तर परत घेईन," दुकानदार म्हणाला. "फक्त खोकं फेकू नका."

जेवणाच्या टेबलावर तिने मला जोडलं. आधी नळाला हात लावून अंगातली वीज घालवली, मग प्रोसेसर असा अलगद ठेवला की मला तो बसल्याचंही कळलं नाही. धाकटा दर थोड्या वेळाने विचारत होता, "झालं?" पेटी टेबलाखाली सरकवल्यावर तो म्हणाला, "मागच्या वायरी मी लावतो. तुझ्या हाताने लावायच्या तर उद्या उजाडेल." तो पोटावर आडवा झाला, त्याने टॉर्च तोंडात धरला आणि पडद्याची वायर तिच्या मापाच्या पहिल्या भोकात खुपसली.

ते भोक माझं होतं.

इथे थोडं समजावून सांगतो. गाडीच्या गेममधले रस्ते, झाडं, पाऊस ही जड चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. ती बाहेर पडतात कार्डाच्या स्वतःच्या भोकातून, जे माझ्या भोकांच्या बरंच खाली असतं. माझ्या भोकातून येतं ते प्रोसेसरने फावल्या वेळात काढलेलं साधं चित्र. म्हणजे ज्याच्यासाठी माझ्यावर काटकसर केली, ते कार्ड तोंडाला प्लास्टिकचं टोपण लावून आत नुसतं बसून राहिलं.

मी सांगणार कसं? माझ्याजवळ आवाज एकच. सुरू होताना सगळं जागेवर असलं की मी एकदा 'टूक्' करतो. ते मी केलं.

"अरे वा!" वर कुणीतरी खुशीत म्हणालं. "कंडक्टरने बेल दिली. चला!"

हे बाबा. त्यांची आणि माझी ही पहिली ओळख.

बाबांचं सांगायला हवं. आयुष्यभर त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना, आगारात उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये त्यांना एकदा भोवळ आली. कुणाला काही झालं नाही. पुढे डॉक्टरांनीही सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पण स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच, निवृत्त होईपर्यंत त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तेव्हापासून ते बसने कुठे निघाले तर अगदी मागच्या सीटवर बसतात, पुढचा रस्ता दिसणार नाही असे. ताईला ते बघवत नव्हतं.

आता ते स्टिअरिंगसमोर बसले. हातांनी चाक असं धरलं, जणू मधली वर्षं झालीच नव्हती. पेडलांचे निरोप माझ्यातूनच जातात, त्यामुळे त्यांचे पाय मला नीट कळतात. पहिलं वळण येईपर्यंत पाय तरुण होता. वळणावर चित्र अडखळलं. रस्ता तुटला, पुन्हा जुळला, झाडं उड्या मारत पुढे आली. पाय ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला.

"कसं वाटतंय, बाबा?"

"छान आहे गं. छानच."

दुसऱ्या दिवशी ते थोडा वेळ बसले, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. मग स्टिअरिंगवर टॉवेल आला. ताईने विचारलं की ते म्हणायचे, "आज पेपर वाचायचाय." एकच पेपर ते दिवसभर वाचायचे.

महिना संपत आला तसा धाकटा म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो. स्वस्तातला बोर्ड घेतलास, आता भोग. चित्र कसं अडकतंय बघ. हा परत करू, थोडे पैसे मी घालतो, तो दिव्यांचा आणू."

"तुझे पैसे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "म्हणजे माझ्याकडून नेलेले."

रविवारी दुपारी ताईने माझं खोकं माळ्यावरून काढलं.

तेवढ्यात बाबा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "त्या बोर्डाला कशाला बोल लावताय? तो नीट आहे."

"मग रस्ता असा तुटक का दिसतो?"

"तो मला तसा दिसतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, तिकिटाचा दर सांगावा तसा. "तुम्हाला पण दिसतो होय? तुम्ही माझ्या समाधानासाठी म्हणताय. त्या दिवशी आगारात असंच झालं होतं. समोरचं सगळं तुटक तुटक. माझ्या डोक्यातच आहे ते. स्टिअरिंगसकट सगळं परत करा, ताई. उगीच खर्चात पडलीस."

ते मुलीला ताई म्हणायचे, धाकट्याचं ऐकून लागलेली सवय. आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

ताईला बाबांकडे बघायचं नव्हतं बहुतेक, म्हणून ती घाईने टेबलाखाली शिरली. एकेक वायर काढू लागली. स्टिअरिंगची काढली, कीबोर्डची काढली. पडद्याची वायर ओढली आणि तिचा हात थांबला. कामाची सवयच तशी, काचेवरचा केसाएवढा ओरखडाही तिला दिसतो.

"धाकट्या," ती आतूनच म्हणाली, "इथे खाली अशीच भोकं आहेत. त्यांच्यावर टोपणं का आहेत?"

"कुठली टोपणं?"

"काळी. ग्राफिक्स कार्डाच्या तोंडावर."

"असतील. धूळ जाऊ नये म्हणून."

"मग चित्र कुठून बाहेर येणार?"

धाकटा खाली वाकला. मग अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "ताई, आईला सांगू नकोस."

"ऐकलं मी!" आई म्हणाली. "महिनाभर बिचाऱ्याच्या तोंडाला बूच लावलंस आणि नावं त्या बोर्डाला ठेवलीस!"

ताईने नखाने टोपण काढलं, वायर खाली लावली, बाकीच्या वायरी परत जोडल्या आणि मला सुरू केलं. मी 'टूक्' केलं. त्या दिवशी माझं कार्ड पहिल्यांदा जागं झालं. त्याचा पंखा फिरला आणि त्याची ऊब माझ्या अंगाला लागली. ते महिनाभराचं काम एका दमात करायला निघाल्यासारखं वाटत होतं.

"बाबा, एकदाच बसा," ताई म्हणाली. "मग म्हणाल ते सगळं परत करू."

बाबा बसले. पाय ब्रेकवरच होता. गाडी निघाली, तीही पाय ओढत. वळण आलं. मी त्यांच्या पायाची वाट बघत होतो, आणि त्यांच्या मागे उभे असलेले तिघंही वाट बघत असावेत, कारण एरवी तिघांपैकी एक तरी बोलत असतं. रस्ता वळला. झाडं एकामागून एक, शिस्तीत मागे गेली. काहीही तुटलं नाही.

पाय ब्रेकवरून उचलला गेला.

पुढचं वळण, मग घाट, मग पाऊस. बाबा कुणाकडेही न बघता म्हणाले, "वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर नाही. नवी पोरं तिथेच चुकतात." पुढच्या वळणाआधी वेग कमी करून ते म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही तुटकच दिसत होतं."

"तेच तर सांगत होतो, बाबा," धाकटा म्हणाला.

"तू आता काही सांगू नकोस."

आईने विचारलं, "जेवायला किती वाजता पोचणार तुमची गाडी?" बाबांनी घाटाकडे पाहिलं. "गाडी जरा लेट आहे," ते म्हणाले. ताईने माझं खोकं माळ्यावर परत ठेवलं नाही. ते चपटं करून रद्दीत टाकलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी रिकामी खाच भरली. धूळ पुष्कळ बसते, ताई मऊ ब्रशने झाडते. मधे धाकट्याच्या लग्नाच्या गडबडीत सगळेच मला विसरले होते, तेव्हा एका कोळ्याने माझ्यावर संसार मांडला होता. धाकटा आता मित्रांचे कॉम्प्युटर जोडून देतो आणि वीज लावण्याआधी न चुकता पेटीच्या मागे जाऊन बघतो. बाबा गावाला जाताना बसमध्ये पुढच्या सीटवर बसतात. ड्रायव्हरला सूचनाही देतात म्हणे. त्यावर आईचं म्हणणं आहे की मागची सीटच बरी होती.

मी मात्र थकलोय. माझ्या अंगावर नाण्याएवढी एक बॅटरी असते, वीज नसताना ती मला वेळ लक्षात ठेवायला मदत करते. ती संपली आहे. आई झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करते, माझंही. त्यामुळे रोज सकाळी मला तारीख, वार, वर्ष काहीच आठवत नाही. पडद्यावर पाटी लावून मी विचारतो की दिनांक चुकलाय, पुढे जाऊ का? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो.

ताईने नवी बॅटरी केव्हाच आणली. "मिनिटाचं काम आहे, बाबा. बदलून टाकते."

"असू दे," बाबा म्हणाले. "घरात एक तरी गोष्ट मला विचारून निघते."

तेव्हापासून ती ड्रॉवरमध्ये आहे.

तुम्ही माझ्यासारखा एखादा निवडायला जाल, तेव्हा दिवे बघू नका. प्रोसेसर बसतो का, वीज येते तिथे पट्टी आहे का, एक खाच रिकामी राहते का, एवढं बघा. आणि काही अडलं, तर नावं ठेवण्याआधी मागे जाऊन टोपणं काढलीत का ते पाहा. माझी स्वतःची मागणी एवढीच की, ताई, ते नाणं ड्रॉवरमध्येच राहू दे.

आता सकाळ झाली असावी. नक्की मला सांगता येणार नाही. बटण दाबलं गेलंय, पाटी पडद्यावर आहे, आणि खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"वेळेचं मी बघतो," बाबा म्हणतायत. "तू बेल दे."

टूक्.