पिंकीचं शेवाळ

भगवंतनं न्हाणीमागची निळी कॅन उचलली, आणि ती इतक्या सहज वर आली की त्याचा तोल गेला.

"याच्यातलं पाणी कुठी गेलं?"

"पाव्हण्यायले देलं," त्याची बायको मैनाबाई चुलीपासूनच म्हणाली. "काल जलदानाले एवढे मानसं आले. हापशीचं खारं पाजू का लोकायले?"

खारपाणपट्ट्यातल्या गावात गोड पाणी आधी पाहुण्याचं, ही रीत भगवंतलाही पाठ होती. गेलेल्या पोरीच्या, पिंकीच्या, पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांनी तिचंच पाणी पिऊन डोळे पुसले होते. पुण्य तिला पोचावं म्हणून भन्तेजींसमोर लोट्यातून ताटात सोडलं, तेही त्यातलंच. मैनाबाईच्या हातात लोटा होता, भगवंतनं तिच्या कोपराला हात लावला होता, त्याच्या कोपराला भावानं. फक्त ते पाणी माणसांसाठी नव्हतं. पिंकीनं पावसाळ्यात पन्हाळ घासून, फडक्यानं गाळून ते शेवाळासाठी भरून ठेवलं होतं.

शेवाळ विकलं जातं हे आधी कोणी सांगितलं असतं, तर भगवंतनं त्याला वेड्यात काढलं असतं. अकोटच्या एका दुकानात तो काचा कापायचा. शोकेसच्या, आरशांच्या, तसबिरींच्या. बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली लोक फुटक्या आरशात भांग पाडू लागले आणि दुकानात माशा मारायची वेळ आली. अमरावतीला बॉटनी शिकणारी पिंकी तेव्हाच घरी आली, जेवणाच्या डब्यात शेवाळाचा एक तुकडा घेऊन. चिखलदऱ्याला मैत्रिणीच्या कॉफीच्या बागेत, झाडाखालच्या दगडावर तिला तो सापडला होता.

"बाबा, तुमी काचेची पेटी करा. आतमंदी जंगल मी करतो."

"लोक शेवाळ इकत घेतीन? आमी तं त्याच्यावरून घसरून पडतो."

पण लोक घेत. अमरावतीत टेबलावर जंगल ठेवायची हौस निघाली होती. पिंकीनं बापाच्या हाती भिंग दिलं. आधी ओलं करायचं, पानं उघडली की मग पाहायचं. न्हाणीतलं शेवाळ ब्रशच्या केसांसारखं सरळ उभं राहतं आणि बंद काचेत सडतं. झाडीतल्याला मात्र काडीला फांद्या, फांदीला पुन्हा फांद्या फुटतात. नेच्याचं पान कुणी बारीक करून ठेवावं तसं. भगवंतला हे इतकं आवडलं की तो लोकांच्या भिंतींजवळ थांबू लागला आणि दुकानात चेष्टेचा विषय झाला.

पहिल्या पेट्यांतलं शेवाळ त्यानंच मारलं. हापशीचं पाणी शिंपडलं, वर पांढरा खार धरला, सगळं काळं पडलं.

"बाबा, तुमी तं त्याचं लोणचंच घातलं," असं म्हणून पिंकी पोट धरून हसली होती. पावसाचं पाणी साठवणं तेव्हापासूनचं.

यंदा ती तापानं गेली. आता तिच्या हातचं शेवाळ एका पसरट ताटात उरलं होतं, तेवढंच. विकतचं पाणी कुठल्या बोअरचं असेल याचा भरवसा नव्हता. भगवंतनं ताट पडवीतल्या सावलीत ठेवलं.

"असंच राहू दे. पानी टाकू नोको."

"अवो, कोरडंठाक पडलं ते."

"झोपलं हाये. पिंकीच सांगे, सुकलं म्हंजे मेलं नाई. पाऊस आला का उठते."

मैनाबाईनं मान हलवली. पण येताजाता ती त्या ताटापाशी थबके. तपकिरी पडलेल्या शेवाळाकडे तिला पाहवत नसे.

एकदा दुपारीच दुकान बंद झालं म्हणून भगवंत लवकर घरी आला. पडवीत ताटाच्या कडेनं पांढरी रेघ दिसली. बोट लावून त्यानं ते जिभेवर टेकवलं. खार. शेवाळ ओलं होतं, पण एकही पान उघडलं नव्हतं. चिमटीत धरलेली काडी काळी होऊन तुटली. भिंग आणायची गरज नव्हती.

मागे मैनाबाई लोटा घेऊन उभी होती.

"तुमी दुकानात गेले का रोज टाकतो मी," ती म्हणाली. "दवाखान्यात पोरगी पानी मांगत होती. डॉक्टरनं व्हटाले लावू देलं नाई. मंग हे तरी काहून तहानेलं ठेवाव?"

भगवंतला राग आला. पोरीच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं, आणि तिच्या आईनंच ते घालवलं होतं. मैनाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांकडे पाहत होती, अगदी तशीच.

"हिरवं होईन ना?"

"होईन," तो म्हणाला. "जंगलातलं हाये. टाइम लागते त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाण्याआधी त्यानं स्वतःच ते ताट तिच्यासमोर आणून ठेवलं. मैनाबाईनं हापशीच्या पाण्याचा लोटा उचलला. भगवंतनं तिच्या कोपराला हात लावला. पाणी सावकाश पडू लागलं.

"बस?" तिनं विचारलं.

"आनखी थोडं दे," भगवंत म्हणाला.